बंदरावरची जुनी पिकअप घेताना: आधी चेसिस, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडकडे स्वतःची आंब्याची कलमं आहेत. हंगामात पेट्या आणि एरवी खत, सिमेंट, कधीतरी चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) वाहायला पिकअप हवी. रत्नागिरीत सात वर्षांची बोलेरो पिकअप मिळते आहे, एकहाती, पण मासळीच्या धंद्यात चाललेली. मीटरवर 92 हजार, मालक पावणेचार लाख सांगतोय. मेकॅनिकने इंजिन ऐकलं आणि 'मक्खन आहे, घेऊन टाका' म्हणाला. खालून थोडा गंज दिसतो, पण 'कोकणात एवढा असायचाच' असं सगळ्यांचं म्हणणं. तर घ्यावी का?

हा सौदा इंजिनावर ठरणार नाही. इंजिन बिघडलं तर उतरवून बांधता येतं, काय खर्च येईल ते गॅरेजवाला आधी सांगू शकतो, आणि तेवढे पैसे किमतीतून कापून घेता येतात. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आतून खाल्लेली निघाली तर तिथे पैसे ओतूनही गाडी पूर्ववत होत नाही. पट्टी मारून वेल्डिंग करून देणारे गल्लोगल्ली आहेत. पण वेल्डिंगच्या आचेने शेजारचा पत्रा कडक होतो आणि चीर पट्टीच्या कडेलाच जाते, तीही भरल्या गाडीत, घाटात. म्हणून खाऱ्या हवेतली पिकअप बघताना माझा निम्म्याहून जास्त वेळ गाडीखाली जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'थोडा गंज' या दोन शब्दांत दडलेलं आहे: कुठे थोडा, आणि कसला थोडा?

आधी गाडीने काय वाहिलं ते नीट विचारा. आपल्याकडे किलोमीटरपेक्षा हे जास्त बोलतं. मासळीच्या गाडीत क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी मिसळतं, आणि ते हौद्याच्या जोडांतून थेट चेसिसवर ठिबकत राहतं. समुद्राचा वारा पत्र्याला वरून खातो, हे पाणी चेसिसला आतून खातं. खाडीची वाळू वाहिलेली गाडी याहून वाईट, कारण ओली खारी वाळू कोपऱ्याकोपऱ्यांत बसून राहते आणि नंतर कितीही धुतलं तरी निघत नाही. चिऱ्याच्या गाडीला गंज कमी, पण ती वजनाने वाकलेली असते. आंब्याची गाडी या सगळ्यांत बरी. हंगामात ती वाशीच्या बाजारापर्यंत रात्रीच्या रात्री धावते, किलोमीटर भरपूर होतात, पण माल कोरडा आणि पावसाळ्यात गाडी बहुतेक मांगराला (बागेतल्या शेडला) टेकून उभी. दीड लाख किलोमीटर झालेली आंब्याची गाडी मी 92 हजारांच्या मासळीच्या गाडीच्या आधी बघेन.

आता प्रत्यक्ष बघणं. गाडी मालकाच्या दारात बघू नका. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने धुऊन घ्या, धुण्याचे पैसे तुम्ही द्या, अर्धा तास वाळू द्या आणि मग खाली जा. चिखल आणि ग्रीसच्या थराखाली काहीच कळत नाही. सोबत चांगला टॉर्च, छोटी हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या. मालक धुवायला किंवा ठोकायला 'नाही' म्हणाला तर तिथेच नमस्कार करून निघा.

चेसिसचे दोन्ही लांब बार पुढून मागे हातोडीने हलके ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. जिथे तो बसका, मेलेला येतो तिथे पत्रा पातळ झालाय किंवा आत गंजाचा भुगा भरलाय. त्या जागी स्क्रू ड्रायव्हर दाबून फिरवा. नुसती तांबूस धूळ हाताला लागली तर तो वरवरचा गंज, घासून रंग मारला की थांबतो. चिरोट्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर जाडी गेलेली आहे. टोक आत घुसलं तर पुढे काही बघायची गरज नाही.

चेसिसच्या बारला मधे मधे भोकं असतात. त्यांत बोट घालून आतला मळ बाहेर काढा आणि उजेडात बघा. कोरडी माती निघाली तर ठीक. ओलसर काळा गाळ आला आणि त्यात माशांचे खवले चमकले, तर ती गाडी सात वर्षं आतून खारवली गेली आहे आणि बाहेरून दिसतो तो गंज हा शेवटचा टप्पा आहे. यासाठी पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, तरी बहुतेक जण हे करत नाहीत.

तीन जागांवर जास्त वेळ घालवा. पहिली, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, म्हणजे पाट्याची दोन्ही टोकं चेसिसला जिथे बसतात ते ब्रॅकेट आणि शॅकल. सगळं वजन तिथून जातं. दुसरी, मागच्या ॲक्सलच्या वर चेसिस जिथे कमान घेऊन वर चढते तो भाग. चाकाने उडवलेलं पाणी आणि हौद्यातून गळलेलं पाणी, दोन्ही तिथेच पडतं. तिसरी, पुढे स्टिअरिंग जिथे चेसिसला बोल्टने बसतं ती जागा आणि तिच्या मागची केबिनची माउंटिंग. या तिन्हींपैकी एका ठिकाणी जरी पापुद्रे किंवा वेल्डिंगची पट्टी असली तर ती गाडी पावणेदोन लाखांतही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दाराच्या खालच्या कडा, चालकाच्या पायाखालचा पत्रा, हौद्याचा तळ, फाळक्याची बिजागरं हे सगळं गंजलेलं असलं तरी चालतं. तो पत्र्याचा खर्च आहे, मोजता येतो, आणि त्यावरून भाव पाडता येतो.

नवा काळा रंग दिसला की सावध व्हा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बंदरावरच्या गाड्या उभ्या राहतात, धुतल्या जातात, आणि विकायच्या असतील तर चेसिसला काळा रंग मारला जातो. रंग मारणं वाईट नाही, गंजावर आणि मिठावर मारणं वाईट. ओलावा आत कोंडला जातो आणि लोखंड आणखी वेगाने सडतं. रंगाखाली फुगवटे हाताला लागतात का बघा. एक फुगवटा नखाने उचकटा.

खाली आहात तोवर आणखी दोन गोष्टी. ब्रेकच्या लोखंडी नळ्या चेसिसच्या कडेने मागे जातात. त्यांच्यावर खड्डे पडले असतील तर त्या बदलायच्याच. खर्च फार नसतो, पण जी नळी आज टिकली ती घाटात जोरात ब्रेक दाबल्यावर फुटू शकते. आणि मागच्या ॲक्सलजवळ वजनाप्रमाणे ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी हाताने हलवून बघा. खाऱ्या पाण्यात ती जाम होते. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच लॉक होतात किंवा भरलेल्या गाडीला मागून ब्रेकच पुरत नाही. ही दांडी बघणारा गिऱ्हाईक क्वचित भेटतो.

चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे ती जागा घासून साफ करा आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. प्रत्येक आकडा आरसीशी (गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी) जुळला पाहिजे आणि वाचता आला पाहिजे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत गंजाने नंबरच खाल्लेला असतो. नाव बदलताना ठसा द्यावा लागतो आणि पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) अधिकारी नंबर बघतो. तो वाचता आला नाही तर आरटीओच्या परवानगीने पुन्हा नंबर ठोकून घेण्याची यातायात तुमच्या गळ्यात पडते.

वाकलेली चेसिस कशी ओळखायची? गाडी सपाट जागेवर उभी करा आणि बाजूने केबिन व हौद्यामधली फट बघा. वरची आणि खालची फट सारखी नसेल तर चेसिस वाकली आहे किंवा हौदा सरकला आहे. मग टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटे चढवले असतील तर गाडी कायम ओव्हरलोड चालली, हा त्याचा कबुलीजबाब आहे.

ओव्हरलोडचा हिशोब तुम्हालाही लागणार आहे, कारण तुम्ही चिऱ्याचं नाव काढलंत. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि एकूण वजन लिहिलेलं असतं. एकातून दुसरं वजा केलं की कायदेशीर माल कळतो. समजा एकूण 2990 आणि रिकामं 1700, तर माल 1290 किलो. एक चिरा साधारण 30 किलोचा, पावसात भिजलेला त्याहून जड. म्हणजे 43 चिरे. आपल्याकडे खेप 80-90 चिऱ्यांची मारतात, म्हणजे दुप्पट वजन. पकडलं तर दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. पाच डझनी आंब्याची पेटी साधारण 20 किलोची धरली तर त्याच गाडीत 60 पेट्या आरामात नियमात बसतात. तुमचं मुख्य काम आंब्याचं आहे, तेव्हा गाडी त्या कामासाठीच निवडा आणि चिऱ्यांना भाड्याचा डंपर बोलवा.

आरसी हातात आहे तोवर एकूण वजनाचा आकडा पुन्हा बघा. 3000 किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, वरच्या गाडीला लागतं. पिकअपमध्ये दोन्ही प्रकार मिळतात आणि दिसायला जवळपास सारखेच असतात. गाडी स्वतः चालवणार असाल तर लायसनची काळजी नको: साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर 7500 किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं आहे.

आता मीटर. 92 हजार भागिले सात म्हणजे वर्षाला 13 हजार. बंदीचे दोन महिने सोडले तर दिवसाला जेमतेम 44 किलोमीटर. गाडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून जवळच्या कारखान्यात मासळी टाकत असेल तर हे पटण्यासारखं आहे. पण मालक बोलता बोलता 'कोल्हापूरला रोजची खेप होती' म्हणाला तर गणित बसत नाही, कारण रत्नागिरी ते कोल्हापूर एकेरीच सव्वाशेच्या वर जातं. गाडीच्या नंबरवर ई-चलान काढून बघा. थकबाकी तर कळतेच, पण चलान कुठे कुठे झालं त्यावरून गाडी कुठे फिरली तेही कळतं. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर मात्र कोवळं, असं दिसलं तर मीटर मागे घेतलेलं असू शकतं. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कंपनीचे मूळ टायर अजून असतील तर कमी किलोमीटरचा दावा खरा असू शकतो.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या मेकॅनिकने ते बघितलंय. फक्त त्याने गाडी थंड असताना चालू केली होती का ते विचारा. तुम्ही जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून वर उलटं ठेवा. ते किंचित थरथरलं तर ठीक, उडून पडलं किंवा धुराचा झोत आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅसकेट किंवा इंजेक्टर. रेडिएटरचं पाणी तांबडं असेल तर मालकाने कूलंट न घालता विहिरीचं पाणी भरलंय. तिथे वॉटर पंप आणि रेडिएटरचा खर्च धरून चाला. सात वर्षांची म्हणजे ही बीएस4 (धुराच्या आधीच्या नियमातली) गाडी, आणि तुमच्या वापराला ते बरंच आहे. बीएस6 डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जळून साफ व्हायला गाडी सलग वेगात पळावी लागते, आणि बाग ते घर अशा चार किलोमीटरच्या खेपांत तो तुंबतो.

गाडी चालवून बघाल ती चढावर. रत्नागिरीत चढाला तोटा नाही. दुसऱ्या गिअरवर चढ लागलेला असताना तिसरा टाका आणि पूर्ण रेस द्या. आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. उतारावर गिअर टाकून रेस सोडा. गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. भर चढावर हँडब्रेकवर गाडी उभी करा. शक्य असेल तर पाच-सहाशे किलो माल टाकून हीच फेरी मारा, रिकामी पिकअप खूप काही लपवते.

पुराची शंका प्रत्येक गाडीबद्दल घ्यायची. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण, खेड, महाडकडे शेकडो गाड्या बुडाल्या, आणि दुरुस्त होऊन विकलेल्या गाड्या फिरत्या आहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या स्प्रिंगा, डॅशबोर्डच्या मागचे बोल्ट, फ्यूज बॉक्समधल्या पिना बघा. पिनांवर हिरवट पावडर असेल तर वायरिंग आज चालेल आणि भर पावसाळ्यात रस्त्यात उभं करेल. खारी हवाही हे करते, पण खारी हवा गाळ ठेवत नाही.

कागदपत्रांत आळस नको. गाडी बघायला निघण्याआधीच नंबर एम-परिवहनवर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं, कितवा मालक, पासिंग, टॅक्स, विमा कधीपर्यंत, आणि बँकेचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. बोजा असेल तर कर्ज फेडल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका. एनओसीवरची तारीख बघा, ती जुनी झाली की बँकेकडून पुन्हा काढावी लागते. टीटी (मालकी बदलाचे) फॉर्म म्हणजे 29 आणि 30 वर मालकाची सही तुमच्या समोर झाली पाहिजे. एजंटाकडे आधीच सही करून ठेवलेले कोरे फॉर्म घेऊ नका. गाडी एमएच 08 ची आणि तुम्ही एमएच 07 चे, दोन्ही एकाच राज्यातले, त्यामुळे मालकाने 14 दिवसांत विक्री आरटीओला कळवायची आणि तुम्ही 30 दिवसांत नाव बदलायचा अर्ज करायचा. विम्याचं नाव मात्र 14 दिवसांत बदलून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा 'विमा भरलेला आहे' या वाक्याला फार किंमत देऊ नका. स्वस्त म्हणून कोणी गोव्याची गाडी दाखवली तर लक्षात ठेवा की तिथली एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर धरल्यावर ती स्वस्त राहत नाही. हौद्यावर मासळीसाठी थर्मोकोलची बंद पेटी बसवली असेल तर तो बदल आरसीवर आहे का बघा. नसेल तर पासिंगच्या आधी ती काढायची, आणि काढल्यावर खालचा पत्रा काय अवस्थेत आहे ते सौद्याच्या आधीच बघून घ्या.

पासिंगवरून भाव थोडा खाली आणता येईल. मालगाडीला आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी करावं लागतं, आणि आपल्या राज्यात आठ वर्षांनंतर पर्यावरण कराचीही भर पडते. तुमची गाडी सात पूर्ण आहे, म्हणजे हा खर्च वर्षभरात तुमच्यावर येतोय, मालकावर नाही. हे कागदावर मांडून त्याच्याशी बोला.

तर तुमच्या गाडीबद्दल: सांगितलेल्या तिन्ही जागा खणखणीत असतील, चेसिसच्या भोकांतून खवले निघाले नाहीत आणि नंबर वाचता येत असेल, तर गाडी घ्यायला हरकत नाही. मग दाराचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या आणि टायर यांचा खर्च गॅरेजकडून लिहून घ्या आणि तो पावणेचारातून वजा करा. त्यांपैकी एक जागा जरी कच्ची निघाली तर मक्खन इंजिनासकट सोडून द्या. घाई असेल तरी जूनपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. हंगाम संपला की आंब्याच्या गाड्याही विकायला निघतात, आणि मार्चमध्ये ताठ बसलेला मालक तेव्हा बोलायला तयार असतो.

गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात चेसिसची सगळी भोकं गोड्या पाण्याने आतून धुवा, पाणी निथळायच्या वाटा मोकळ्या करा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच घासून रेड ऑक्साइड व रंग मारा. जळकं ऑइल फवारायचा सल्ला सगळे देतील, तो ऐकू नका. ते ब्रेकच्या होज आणि पाट्यांचे रबरी बुश खातं. आणि ताबा घेताना साध्या कागदावर ताबा पावती करा, तारखेसोबत वेळही घाला, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. संध्याकाळी सहाला गाडी घेतलीत आणि दुपारी तीनचं चलान महिन्याने आलं, तर ते कोणाचं हे त्या वेळेवरूनच ठरेल.